पंख्यांच्या नोंदी कोठे गेल्या? : लिनक्स कर्नलच्या एका निर्णयाची चिकित्सा

लिनक्स प्रणालीचे कर्नल नव्या आवृत्तीने बदलावे, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि काल जेथे पंख्यांच्या गतीचे आकडे दिसत होते ती जागा आज रिकामी असावी, हा अनुभव संगणकांशी नित्य संबंध येणाऱ्यांस नवा नाही. पंखा फिरत असतो. त्याचा आवाजही कानांवर येत असतो. परंतु 'सेन्सर्स' ही आज्ञा देताच प्रोसेसरचे तापमान तेवढे पडद्यावर उमटते, आणि पंख्यांविषयी एक ओळही येत नाही. अशा वेळी सर्वत्र जो उपाय सांगितला जातो तो असा, की संगणक सुरू होताना कर्नलला 'एसीपीआय-एन्फोर्स-रिसोर्सेस' हा पर्याय 'लॅक्स', म्हणजे शिथिल, या मूल्यासह द्यावा. उपाय बहुधा लागू पडतो, आकडे परत येतात, आणि प्रश्न सुटला असे मानून मनुष्य आपल्या कामाला लागतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या मानण्यावर आहे. आकडा परत आला म्हणजे मापन परत आले, असे होत नाही. ज्या कर्नलने तो आकडा दाखविण्याचे नाकारले त्याने तत्त्वतः योग्य तेच केले होते. मात्र ते ज्या रीतीने केले ती रीत सदोष होती, व आजही सदोष आहे.

प्रथम पंख्याची गती मोजली कशी जाते ते पाहू. पंख्याच्या तिसऱ्या तारेतून दर फेरीस साधारणतः दोन स्पंद येतात. मदरबोर्डावरील 'सुपर आय-ओ' जातीच्या चिपमध्ये सेकंदास २२,५०० ठोके देणारे एक घड्याळ असते. एका फेरीच्या अवधीत त्याचे किती ठोके पडले हे चिप मोजते, आणि १३,५०,००० या संख्येला त्या मोजणीने व एका विभाजकाने भागले, की मिनिटातील फेऱ्या मिळतात. जुन्या चिपांत ही मोजणी आठ बिटांची असल्यामुळे २५५ च्या पुढे जाऊ शकत नसे. विभाजक २ असला तर सुमारे २,६५० फेऱ्यांहून सावकाश फिरणारा पंखा या गणितात बसतच नाही व त्याची गती शून्य दिसते. विभाजक ८ केला की हीच मर्यादा सुमारे ६६० फेऱ्यांपर्यंत खाली येते. म्हणजे पडद्यावरील शून्याचे निदान तीन अर्थ संभवतात: पंखा थांबला आहे, पंखा जोडलेलाच नाही, किंवा पंखा चिपच्या मोजमापाहून मंद फिरत आहे. एवढ्या विस्ताराचे कारण असे, की आकडा दिसत असतानादेखील तो अर्थ लावूनच वाचावा लागतो, ही गोष्ट आकडा नाहीसा झाला म्हणून कासावीस होणाऱ्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ही चिप आपली सर्व रजिस्टरे एकदम उघडी ठेवीत नाही. तिचे बाहेरच्या जगाशी दळणवळण दोनच दारांनी चालते. जुन्या प्रघातानुसार ही दारे म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिलेले २९५ व २९६ हे पोर्ट. पहिल्यावर हव्या त्या रजिस्टराचा क्रमांक लिहावयाचा, आणि दुसऱ्यावरून त्यातील मूल्य वाचावयाचे किंवा त्यात नवे मूल्य घालावयाचे. ही दोन पावले एकापाठोपाठ व अखंड पडली, तरच व्यवहार बरोबर. एका कचेरीत एकच जाडजूड चोपडी आहे आणि तिच्यावर दोन कारकून काम करीत आहेत, असे समजावे. पहिल्याने तेरावे पान उघडले, आणि तो चष्मा पुसतो आहे इतक्यात दुसऱ्याने आपल्या कामासाठी चाळिसावे पान काढले. पहिला चष्मा लावून समोरचा आकडा उतरवून घेतो. आकडा स्वच्छ आहे, चोपडीतलाच आहे; फक्त तो भलत्याच खात्यावरचा आहे. आणि पहिल्याला आकडा उतरवावयाचा नसून लिहावयाचा असेल तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा दुसरा कारकून कोण? १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी एसीपीआय हे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्यानुसार मदरबोर्डाचा निर्माता आपल्या फर्मवेअरमध्ये छोटे छोटे कार्यक्रम घालून ठेवतो, आणि कर्नलमधील दुभाष्या ते प्रसंगानुसार चालवितो. या कार्यक्रमांत कोणते पोर्ट वापरले जातील त्याची घोषणा फर्मवेअर आगाऊ करते. तापमान पाहणे, पंख्याची गती ठरविणे ही कामेही निर्माता याच मार्गाने करून घेऊ शकतो. इकडे लिनक्सचा 'आयटी-८७' किंवा तत्सम ड्रायव्हर त्याच चिपशी स्वतंत्रपणे बोलत असतो. दोघांना परस्परांची खबर नाही, आणि दोघांनी पाळावे असे समाईक कुलूपही नाही. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३१ या आवृत्तीपासून कर्नलने यावर बंदोबस्त केला: एसीपीआयने ज्या पोर्टांवर हक्क सांगितला आहे, त्यांस स्वतंत्र ड्रायव्हरने हात लावू नये, हा कडक नियम सर्वांना आपोआप लागू झाला. २.६.३० मध्ये दिसणारे पंखे २.६.३१ मध्ये अनेकांच्या पडद्यावरून गेले ते या नियमाने. आजही पर्याय न दिल्यास हाच नियम चालतो.

या निर्णयाचे समर्थन अवघड नाही. संकरित व्यवहारातून निघणारा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, हेच त्यातले मोठे भय आहे. नेहमी चूक असणाऱ्या मापकावर कोणी विसंबत नाही. परंतु शंभरांत नव्याण्णव वेळा बरोबर येणाऱ्या मापकाच्या शंभराव्या वाचनावर एखादा कार्यक्रम पंखा मंद करण्याचा निर्णय घेऊ शकतो. अशा मापकाचे बरोबर येणे काकतालीय न्यायाचे असते. त्यास प्रमाण म्हणता येत नाही.

तथापि विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे, आणि ते पोकळ नाही. कर्नलचा नियम संघर्षाची परीक्षा करीत नाही, तो घोषणेची परीक्षा करतो. फर्मवेअरने एखाद्या पोर्टावर हक्क सांगितला असला, तरी तो पोर्ट वापरणारा कार्यक्रम प्रत्यक्षात कधी चालतच नसेल, असे पुष्कळदा संभवते. अशा मदरबोर्डावर 'लॅक्स'चा पर्याय देऊन लोकांनी वर्षानुवर्षे बिनतक्रार काम केले असेल तर त्यात नवल नाही. नियमाने त्यांच्याकडून एक चालती सोय काढून घेतली व बदल्यात काही दिले नाही, ही त्यांची तक्रार न्याय्य आहे. परंतु आपला मदरबोर्ड निरुपद्रवी वर्गात मोडतो की नाही, हे फर्मवेअरमधील कार्यक्रम उलगडून वाचल्यावाचून कळत नाही. आणि 'लॅक्स' लिहिणाऱ्यांपैकी किती जण तसे करतात? बहुतेकांचा पुरावा एवढाच, की आजवर काही झाले नाही.

निर्णय योग्य म्हटला तरी तो कळविण्याची रीत मात्र टीकेस पात्र आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरा दोष तेथेच आहे. 'आयटी-८७' हा ड्रायव्हर हाताने चढवू पाहिला तर उत्तर मिळते, की साधन व्यग्र आहे. हा शब्द सरळ दिशाभूल करणारा आहे. व्यग्र म्हटल्यावर, ते कोणत्या कामात गुंतले आहे हे माणूस शोधू लागतो, आणि चालू कार्यक्रमांची यादी कितीही वेळा चाळली तरी गुंतवणारा सापडत नाही. कारण साधन व्यग्र नसून राखीव आहे. व्यग्र वस्तू थोड्या वेळाने मोकळी होईल अशी आशा असते; राखीव वस्तूसाठी परवानगीचा विचार करावा लागतो. दोन्ही स्थितींना एकच शब्द वापरणे म्हणजे निदानाच्या पहिल्याच पायरीवर वाचकाला चुकीच्या दाराशी नेऊन सोडणे होय.

'सेन्सर्स' या आज्ञेची तऱ्हा याहून निराळी. तिला जे सापडते ते ती छापते; जे नाकारले गेले त्याविषयी मौन पाळते. काहीच न सापडल्यास ती सांगते, की योग्य ड्रायव्हर चढवा, आणि ते कोणते हे कळण्यासाठी 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवून पाहा. हा दुसरा कार्यक्रम पोर्टांवर स्वतः जाऊन चिप शोधतो, ती त्याला सापडते, आणि तो आत्मविश्वासाने ड्रायव्हरचे नाव सांगतो. तो ड्रायव्हर चढवावा, तर साधन व्यग्र! अशा रीतीने तिन्ही साक्षीदार आपापल्या परीने खरे बोलतात, आणि विचारणारा जेथून निघाला तेथेच परत येतो. खरे कारण सांगणारा एकच साक्षीदार आहे. तो म्हणजे कर्नलची नोंद, जी 'डीमेसेज' या आज्ञेने वाचता येते. तेथे अमुक पोर्ट एसीपीआयच्या अमुक प्रदेशाशी टक्कर घेतो असा इशारा असतो, व एसीपीआयचा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर मूळ ड्रायव्हरऐवजी तो वापरावा, असा सल्लाही असतो. सल्ला उत्तम आहे. फक्त तो शेकडो ओळींच्या गर्दीत आहे, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला तेथे पाहावयास कोणी सांगितलेले नाही.

नोंदी नाहीशा होण्याची कारणे याशिवायही आहेत. त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संचाबाहेरचा असेल, तर नव्या आवृत्तीसाठी तो पुन्हा बांधावा लागतो, आणि ही बांधणी कधी गुपचूप फसते. साधनांना मिळणारे 'एचडब्ल्यूमॉन' क्रमांक प्रत्येक वेळी तेच राहतील असे नाही. त्यामुळे क्रमांकावर विसंबणारा कार्यक्रम रिकाम्या जागी पाहत बसतो. 'फॅनकंट्रोल' मात्र येथे शहाणपणाने वागतो: साधनाचा पत्ता व नाव जुन्या नोंदीशी जुळले नाही, तर तो काम सुरूच करीत नाही. या सर्व शक्यता वेगळ्या करण्यासाठी जुने कर्नल काढून न टाकता ठेवावे, एकदा त्यानेच संगणक सुरू करून नोंदी परत येतात का ते पाहावे, आणि मग दोन्ही आवृत्त्यांच्या 'डीमेसेज' नोंदी शेजारी ठेवून वाचाव्या. या काळात पंखा बंद पडेल ही भीती सामान्यतः अनाठायी असते. फर्मवेअरने चिपला जो स्वयंचलित क्रम घालून दिलेला असतो तो कर्नलने पाहिला न पाहिला तरी चालू राहतो. ज्यांनी पंख्याचा ताबा 'फॅनकंट्रोल'कडे दिला होता त्यांनी मात्र तो आता कोणाकडे आहे हे लगेच तपासावे.

कर्नलने सुचविलेला मार्ग, म्हणजे चिपला थेट न विचारता फर्मवेअरला विचारावे, हा तत्त्वतः निर्दोष आहे, कारण मग चोपडीवर एकच कारकून राहतो. असुस कंपनीच्या मदरबोर्डांसाठी 'असुस-एटीके-०११०' हा ड्रायव्हर त्याच सुमारास आला. पुढे २०२२ च्या जानेवारीमध्ये ५.१६ या आवृत्तीत, असुसच्या ठरावीक मदरबोर्डांवर 'एनसीटी-६७७५' या ड्रायव्हरला फर्मवेअरच्या द्वारे चिपपर्यंत जाण्याची सोय मिळाली. त्याच वर्षी आलेल्या 'असुस-ईसी-सेन्सर्स' या ड्रायव्हरची रचना विशेष लक्षणीय आहे: प्रत्येक मदरबोर्डाच्या फर्मवेअरमध्ये कुलूप कोणत्या नावाने आहे याची नोंद तो ड्रायव्हर स्वतःजवळ ठेवतो, आणि ते कुलूप लावूनच वाचन करतो. समाईक कुलूप अशक्य नव्हते, ते मदरबोर्डागणिक शोधावे लागत होते, हे यावरून सिद्ध होते. २००९ पासून इतका काळ का गेला याचे उत्तरही यातच आहे.

परंतु हा मार्ग निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. २०२१ साली ५.१३ या आवृत्तीत गिगाबाइटच्या मदरबोर्डांसाठी 'गिगाबाइट-डब्ल्यूएमआय' हा ड्रायव्हर आला. तो तापमाने सांगतो. पंख्यांची गती सांगत नाही. म्हणजे ज्या वाचकाचा प्रश्न नेमका पंख्याचा होता, त्याला उत्तर म्हणून तापमान मिळते. कर्नलचा सल्ला मानणाऱ्याची अशी अवस्था होणार असेल, तर तो 'लॅक्स'कडे वळला म्हणून त्याला केवळ अविचारी म्हणता येणार नाही.

वळावयाचेच असेल, तर निदान एवढा भेद तरी ध्यानात घ्यावा. 'लॅक्स' हा पर्याय एका चिपपुरता नाही; तो साऱ्या कर्नलला लागू होतो, आणि पंख्यांशी काहीही संबंध नसलेल्या ड्रायव्हरांनाही एसीपीआयच्या हद्दीत मोकळीक देतो. काही संगणक या पर्यायाने सुरूच होत नाहीत अशा तक्रारी आल्यामुळे, 'आयटी-८७' मध्ये पुढे केवळ त्या ड्रायव्हरापुरता टक्कर दुर्लक्षिण्याचा वेगळा पर्याय ठेवण्यात आला. त्याच्या अधिकृत माहितीपत्रात धोकाही स्पष्ट लिहिलेला आहे: एसीपीआय व ड्रायव्हर एकाच वेळी चिपवर पोहोचू शकतात, आणि अत्यंत वाईट प्रसंगी संगणक अकस्मात पुन्हा सुरू होऊ शकतो. हा पर्याय वापरणाऱ्याने पंख्यांची गती केवळ वाचावी. त्या मार्गाने चिपमध्ये काही लिहू नये, आणि 'फॅनकंट्रोल' त्याच्यावर बसवू नये. वाचनात पान चुकले तर एक आकडा खोटा येतो व पुढच्या वाचनात बहुधा सुधारतो. लेखनात पान चुकले, तर पंख्यासाठी ठरविलेले मूल्य कोणत्या रजिस्टरात जाऊन बसले हे 'सेन्सर्स'च्या छापील ओळींवरून कळण्याचा कोणताही उपाय नाही.