विमानांचीं वेळापत्रकें आणि नागपूरची मध्यरात्र

ज्याला लेखक नाहीं, ज्यांत क्रियापद सांपडत नाहीं आणि जें कांहीं महिन्यांतच रद्दींत जातें, अशा पुस्तकाचें परीक्षण करावयाचें तरी कसें, असें वाचक विचारतील. परंतु रेल्वेच्या वेळापत्रकाशीं आपल्या घरांतील वडील मंडळींचें जें नातें होतें तें त्यांनीं आठवावें. ब्रॅडशॉ हें इंग्लंडांत १८३९ सालीं निघालेल्या एका लहानशा पुस्तकाच्या प्रकाशकाचें नांव. आपल्याकडे तें पुस्तकाचेंच नांव होऊन बसलें, आणि कोठेंहि जावयाचें नसतांना सुटीच्या दुपारीं तें उघडून मनमाड, भुसावळ, इटारसी असा प्रवास करून येणारे गृहस्थ पुष्कळ घरांत असत. विमानाच्या वेळापत्रकाला असा निष्काम वाचक आपल्याकडे फारसा लाभला नाहीं. म्हणूनच त्याच्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

या वाङ्मयाचा इतिहास मोठा नाहीं. अमेरिकेंत १९२९ पासून सर्व कंपन्यांच्या वेळा एकत्र छापणारी मार्गदर्शिका निघूं लागली, आणि ब्रॅडशॉच्या घराण्यानें १९३४ मध्यें विमानांसाठीं निराळी पुस्तिका काढली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल घेऊन आले, तेव्हां त्या विमानाच्या वेळा टपालखात्याच्या सोयीनें ठरलेल्या होत्या. प्रवासी मागाहून आला. पत्र आधीं आणि मनुष्य नंतर, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

रचनेच्या दृष्टीनें पाहतां हें पान मोठें कुशल असतें. मधल्या स्तंभांत गांवांचीं नांवें; डावीकडील आंकडे वरून खालीं वाचावयाचे, उजवीकडील खालून वर. वार लिहावयाचे नाहींत. सोमवार म्हणजे १, रविवार म्हणजे ७. दुपार आणि रात्र यांचा घोंटाळा टाळण्यासाठीं चोवीस तासांचें घड्याळ. जाणें आणि येणें एकाच यादींत बसविण्याची ही युक्ति ज्यानें प्रथम काढली त्याचें कौतुक करावें तेवढें थोडें.

या जातीच्या पानांत ज्या पानाला आम्ही अभिजात म्हणूं, तें आमच्या नागपूरचें आहे. जानेवारी १९४९ मध्यें रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून विमानें रात्रीं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवच्या विमानतळावर जमत, टपालाच्या पिशव्या व उतारू यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत पुन्हा त्या त्या शहरांत पोंचत. हीं चारहि शहरें नागपूरपासून सरळ रेषेनें सुमारें सातशें ते हजार किलोमीटरांच्या अंतरावर आहेत. हा मेळ त्यामुळेंच बसला. मद्रासला टाकलेलें पत्र दुसऱ्या सकाळीं दिल्लीस! शून्य मैलाचा दगड नागपुरांत कित्येक वर्षें उभा होता. परंतु देशाच्या मध्याला कांहीं काम असतें हें या पानानेंच प्रथम दाखविलें.

यासाठीं चार शहरांचें घड्याळ एक असावें लागतें. कलकत्त्यानें आपली निराळी वेळ १९४८ पर्यंत जपली होती, आणि मुंबईची स्थानिक वेळ तर त्यानंतरहि कांहीं वर्षें रेंगाळली. पानावर मात्र एकच वेळ.

दोष सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. पहिला दोष तारखेचा. चारहि शहरांतून सोमवारीं निघालेलें विमान नागपूर सोडी तेव्हां मंगळवार उजाडलेला असे. म्हणजे येथील उतारूनें ‘सोमवारची रात्र’ म्हणून जी धरली, ती आंकड्यांच्या हिशेबीं मंगळवार. ज्या गांवासाठीं पान रचलें, त्याच गांवच्या वाचकाला तें सर्वांत अवघड! दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्या टपालासाठीं हा सारा खटाटोप, त्याला उतारूंच्या पुस्तिकेंत स्थान नाहीं. पिशव्या उचलणारे, दिवे लावणारे, हवामान पाहणारे यांनाहि नाहीं. वेळापत्रक हें वचन आहे. परंतु तें पाळणार कोण हें सांगण्याची त्याला संवय नाहीं.

त्या वचनाविषयीं आरंभींच वाद झाला होता. रात्रीच्या उड्डाणाची व्यवस्था पुरेशी नाहीं, असें टाटांचें मत होतें. मंत्री रफी अहमद किडवाई यांनीं दुसऱ्या कंपनीकडून काम सुरू करविलें. ती कंपनी लवकरच थांबली, हिमालयन एव्हिएशननें तें उचललें, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर तें इंडियन एअरलाइन्सकडे गेलें. त्याच वर्षीं १२ डिसेंबरच्या रात्रीं नागपुरहून उडतांना या सेवेचें डाकोटा कोसळून माणसें दगावलीं. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तींत अशा रात्रीची खूण उमटत नाहीं. आंकडे तेच राहतात. म्हणून टाटा बरोबर आणि किडवाई चूक, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. अमेरिकेंत फेडरल एक्स्प्रेसनें १९७३ मध्यें मेंफिस येथें रात्रीं सर्व विमानें जमवून पार्सलांची अदलाबदल सुरू केली व जगानें त्या कल्पनेची वाखाणणी केली. नागपुरास तींत नवें असें कांहीं वाटण्याचें कारण नव्हतें.

आतां छापील वेळापत्रकें विमानकंपन्यांनीं बहुतेक बंद केलीं आहेत. खर्च वांचला आणि चुकांची दुरुस्ती क्षणांत होऊं लागली, हें खरेंच. परंतु पडद्यावर आपण विचारूं तेवढेंच उत्तर मिळतें. नागपूरहून पुण्याची वेळ विचारली तर पुण्याचीच कळते. चार रेषा एका गांवीं मिळतात हें न विचारतां कळण्याची सोय गेली. शिवाय छापलेली वेळ पुढें करून ‘हें तुमचेंच पुस्तक’ असें खिडकीवरील कारकुनाला म्हणतां येत असे. पडद्यावरील वेळ बदलली कीं काल ती काय होती हें दाखविणें उतारूला जड जातें.

परदेशांत जुनीं विमान-वेळापत्रकें जमविणारे हौशी लोक आहेत. आमच्या रात्रीचीं पानेंहि त्यांच्याकडे गेलीं असतील. नागपूरच्या एखाद्या ग्रंथालयानें १९४९ पासूनचीं मिळतील तितकीं मिळवावींत, वर्षवार लावावींत आणि त्यांची बांधणी करावी. बांधतांना मधलीं जाहिरातींचीं पानें मात्र काढून टाकूं नयेत. त्या मध्यरात्रीं सोनेगांवास विमान बदलणारा उतारू कोण होता, याचा थोडाफार सुगावा तेथेंच लागेल.