विद्रोहाची नोंद झाली, खचण्याचे काय?

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी 'मनःस्वास्थ्य सप्ताह' साजरा झाला. पाहुण्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकविले, सकारात्मक विचारांचे महत्त्व सांगितले. शेवटी मुलांना एक फॉर्म वाटला. झोप किती तास लागते, घरातील वातावरण कसे आहे, वडिलांना व्यसन आहे काय, असे त्यात प्रश्न होते. वर्गातील वातावरण कसे आहे, हा प्रश्न नव्हता. शिष्यवृत्ती जमा झाली काय, मेसचे पैसे थकले काय, आडनाव कळल्यावर कोणाचे वागणे बदलले काय, हेही कोणी विचारले नव्हते. म्हणजे बिघाड विद्यार्थ्यात किंवा त्याच्या घरात आहे आणि संस्था निरोगी आहे, हे आधीच ठरले होते. या गृहीतकाची चिकित्सा केल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा प्रामाणिक होऊच शकत नाही.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. त्याची शिष्यवृत्ती सात महिने थकली होती. त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली. त्याच वर्षी या दोघांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी कोणासाठी धीराचे चार शब्द मागितले नाहीत. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखणारी, खरोखर चालणारी यंत्रणा त्यांनी मागितली. प्रश्नाचे मूळ कोठे आहे, हे त्या मातांना आपल्या सभागृहातील पाहुण्यांपेक्षा अधिक कळले होते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा. याचे स्वागतच केले पाहिजे. पण हा समुपदेशक काय ऐकणार, आणि ऐकलेल्याचे पुढे काय करणार? येथे मला आपल्या साहित्याकडे वळावेसे वाटते.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात शिकलेला, नाव मिळविलेला दया पवार एकीकडे आहे आणि दुसरीकडे दगडू मारुती पवार. दगडू बोलतो, दया ऐकतो. आपल्या समीक्षेने या पुस्तकातील वेदना पाहिली, नकार पाहिला, विद्रोह शोधला. परंतु या रचनेचा एक साधा अर्थ आपल्या हातून निसटला. ज्याचे बाहेर ऐकणारे कोणी नाही, त्याला स्वतःतूनच एक ऐकणारा उभा करावा लागतो. आजही आपला मुलगा कॉलेजच्या गेटवर आपला दगडू ठेवून आत शिरतो. तो कपडे बदलतो, भाषा बदलतो, आडनाव सांगताना अडखळतो. रात्री खोलीत दिवा मालवल्यावर तो दगडू बोलू लागतो. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) वाचताना कळते की, बापाचे नाव विचारणारा शाळेतला साधा रकानादेखील मुलाच्या मनाला किती खोल जखम करू शकतो. ही पाने आपण समाजव्यवस्थेवरील आरोपपत्र म्हणून वाचली. ती तशी आहेतच. पण ती आतून मोडत चाललेल्या मुलाचीही पाने आहेत. त्या मोडण्याची नोंद घ्यायला आपण कचरलो. विद्रोह अभिमानाचा वाटला, खचणे लाजिरवाणे वाटले.

हा आरोप मी दुसऱ्यावर करीत नाही. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आठ वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असताना, दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, झोपच लागत नाही. वर्गात बसलो की छातीत धडधडतं." आदल्या आठवड्यात कार्यालयाच्या खिडकीशी लिपिकाने "स्कॉलरशिपवाले बाजूला उभे राहा" असे ओरडून त्याला सर्वांदेखत रांगेतून बाहेर काढले होते. मला ते ठाऊक होते. तरी मी म्हणालो, "अरे, बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला. तू एवढ्यानं रडतोस?" तो "हो सर" म्हणाला आणि गेला. दिवाळीनंतर तो आला नाही. आज तो चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. लिपिकाने त्याला रांगेतून काढले. कॉलेजातून काढण्यात माझाही हात आहे.

बाबासाहेबांच्या नावाने मी त्याचे तोंड बंद केले. जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, ते योग्यच आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९१७ साली बडोद्यात पारशी वसतिगृहातून काठ्यांच्या धाकाने बाहेर पडावे लागल्याचा प्रसंग लिहून ठेवला आहे. अठरा वर्षे उलटली तरी ते दृश्य पुसले गेले नाही, ते आठवले की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. त्या अश्रूंची त्यांना लाज वाटली नाही. मग आपण कोणत्या बाबासाहेबांचा हवाला देऊन मुलांना गप्प करतो?

उपायही त्यांनीच दाखविला होता. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापूरला वसतिगृह काढले. पोटात अन्न, डोक्यावर छप्पर आणि शेजारी आपल्यासारखाच एक मुलगा, यांशिवाय शिकणारे मन तगत नाही, हे त्यामागचे भान होते.

नैराश्य हा आजारही असतो. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागते. ते नाकारणे हा आपल्यातलाच अडाणीपणा ठरेल. रात्रीबेरात्री बोलायला कोणी नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर हवा. पण समुपदेशकाच्या खोलीत ऐकलेला अपमान त्या खोलीतच पुरला जाऊ नये. मुलाची संमती घेऊन, त्याचे नाव झाकून तो प्राचार्यांच्या टेबलावर आला पाहिजे. शिष्यवृत्तीची रखडलेली तारीख, खिडकीशी ओरडणारा लिपिक, वर्गात 'कोट्यातले' म्हणणारा प्राध्यापक हीसुद्धा रोगाची लक्षणे मानली पाहिजेत. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये मुलीला मारणाऱ्या गुरुजींना आई रस्त्यावर अडवून जाब विचारते. तिने मुलीला सहनशीलता शिकविली नाही. आधार देणे म्हणजे काय, हे मला त्या आईकडून अधिक कळले.

यंदा आमच्या फॉर्ममध्ये मी चार प्रश्न वाढवून मागितले आहेत. समितीने "पाहू" म्हटले आहे. तोवर माझ्या खोलीचे दार उघडे आहे. कोणी आत येऊन "सर, झोप लागत नाही" म्हणाला, तर मी आधी विचारीन, "बस. काय झालं, कुणी काय म्हटलं?" आणि मग त्याच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत चालत जाईन.