समन्वयाचे अर्थकारण : अमेरिकेतील बालमानसिक आरोग्याच्या ‘सिस्टीम ऑफ केअर’ संकल्पनेची समीक्षा

अमेरिकेच्या केंद्रीय लेखापरीक्षण यंत्रणेने एप्रिल २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक अस्वस्थ करणारी नोंद आढळते. २००१ या आर्थिक वर्षात १२,७०० हून अधिक मुलांना त्यांच्या पालकांनी केवळ मानसोपचार मिळावेत या हेतूने बालकल्याण किंवा बालन्याय यंत्रणेच्या हवाली केले होते. हा आकडा केवळ १९ राज्यांतील बालकल्याण अधिकारी आणि ३० काउंट्यांतील बालन्याय अधिकारी यांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला आहे. म्हणजे प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असली पाहिजे. छळ वा हेळसांड हे या हवाली करण्याचे कारण नव्हते. खासगी विम्याची मर्यादा संपलेली, सरकारी वैद्यकीय साहाय्यासाठी उत्पन्न जास्त ठरलेले आणि निवासी उपचारांचा खर्च आवाक्याबाहेरचा, अशा स्थितीत मुलावरील कायदेशीर हक्क सोडणे हाच अनेक पालकांपुढे उपचाराचा मार्ग उरला होता. ‘कुटुंबकेंद्री’ सेवांचा पुरस्कार करणारी संकल्पना मांडली जाऊन त्या वेळी सुमारे सतरा वर्षे लोटली होती. संकल्पना आणि वास्तव यांतील हे अंतर कशामुळे राहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या संकल्पनेचा उगम जेन निट्झर यांच्या ‘अनक्लेम्ड चिल्ड्रेन’ (१९८२) या अभ्यासात शोधावा लागतो. गंभीर भावनिक विकार असलेल्या सुमारे तीस लाख मुलांपैकी दोनतृतीयांश मुलांना आवश्यक सेवा मिळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. ही मुले शाळा, न्यायालय, बालगृह आणि रुग्णालय या सर्वांच्या नोंदवहीत असतात. पण जबाबदारी कोणाचीच नसते, असा या शीर्षकाचा रोख आहे. त्यानंतर १९८४ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने राज्यांना साहाय्य देणारा कार्यक्रम सुरू केला आणि १९८६ मध्ये बेथ स्ट्राउल व रॉबर्ट फ्रीडमन यांनी ‘सिस्टीम ऑफ केअर’ची मांडणी केली. मुलाच्या बहुविध आणि बदलत्या गरजांसाठी मानसिक आरोग्य, शिक्षण, बालकल्याण, न्याय, आरोग्य आदी सेवांचे एकसंध जाळे असावे, सेवा शक्यतो घराजवळ मिळाव्यात आणि निर्णयात कुटुंब सहभागी असावे, ही तिची मुख्य सूत्रे होत.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०९ मध्ये शिकागोत, विल्यम हीली यांच्या कार्यातून सुरू झालेली बालमार्गदर्शन चळवळही सहकार्यावरच उभी होती. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये सुरू केलेले बालमार्गदर्शन केंद्र त्याच परंपरेतील. परंतु तेथील समन्वय मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांच्यातला, एका छपराखालचा होता. स्ट्राउल-फ्रीडमन यांना अभिप्रेत असलेला समन्वय वेगवेगळ्या छपरांमधला, म्हणजेच वेगवेगळ्या अंदाजपत्रकांमधला आहे. पहिला प्रकार सद्भावनेवर चालू शकतो, दुसरा चालत नाही.

संकल्पनेच्या समर्थकांनी हा मुद्दा पुरेसा गांभीर्याने घेतला असे म्हणता येत नाही. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुले व कुटुंबे यांच्यासाठीच्या सामुदायिक मानसिक आरोग्य सेवांना कायद्याने अनुदान मंजूर केले. त्यातील स्थानिक वाट्याची तरतूद बोलकी आहे. पहिली तीन वर्षे केंद्राच्या प्रत्येक तीन डॉलरमागे स्थानिक एक डॉलर, चौथ्या वर्षी एकास एक आणि पाचव्या-सहाव्या वर्षी केंद्राच्या एका डॉलरमागे स्थानिक दोन डॉलर. केंद्राचा हात हळूहळू सुटावा आणि स्थानिक यंत्रणा स्वतःच्या पायावर उभी राहावी, ही कल्पना कागदावर निर्दोष वाटते. पण हे दोन डॉलर कोणत्या खात्यातून यावेत, हे कायदा सांगत नाही. पुढील काळात ‘विस्तार’ आणि ‘शाश्वती’ हे शब्द अनुदानांच्या नावातच आले. जी गोष्ट आपोआप टिकेल असे गृहीत धरले होते ती टिकत नव्हती, याची ही एक प्रकारे कबुलीच म्हटली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. उत्तर कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅग येथे १९९० ते १९९५ या काळात लष्करी कुटुंबांतील मुलांसाठी सुमारे आठ कोटी डॉलर खर्चून सेवांची अखंड साखळी उभारण्यात आली. लिओनार्ड बिकमन यांच्या मूल्यमापनात असे आढळले की सेवा अधिक मुलांपर्यंत पोहोचल्या, पालकांचे समाधान वाढले. मात्र मुलांच्या लक्षणांत तुलनागटाहून अधिक सुधारणा झाली नाही आणि खर्च मात्र वाढला. ओहायोतील स्टार्क काउंटीच्या अभ्यासानेही उपचारांच्या परिणामाबाबत असाच निर्वाळा दिला. यावर समर्थकांनी फोर्ट ब्रॅग ही खरी ‘सिस्टीम’ नव्हतीच, तेथे अनेक खात्यांचा सहभाग नव्हता, असे उत्तर दिले. उत्तरात तथ्य आहे. तथापि प्रत्येक प्रतिकूल निष्कर्षानंतर ‘ही खरी व्यवस्था नव्हे’ असे म्हणता येऊ लागले, तर संकल्पना तपासणीच्या कक्षेबाहेर जाते. बिकमन यांचा खरा प्रश्न वेगळाच होता : सेवांची मांडणी सुधारली, पण त्या खोलीत मुलाला प्रत्यक्ष दिला जाणारा उपचार परिणामकारक आहे काय? या प्रश्नाला समन्वयाच्या परिभाषेत उत्तर नाही.

मिलवॉकीचा अनुभव या वादात वारंवार पुढे केला जातो, आणि तो योग्यच आहे. तेथे १९९० च्या दशकाच्या मध्यास साडेतीनशेहून अधिक मुले निवासी उपचार केंद्रांत असत. केंद्रातून बाहेर पडण्याची चिन्हे नसलेल्या २५ मुलांवर आधी प्रयोग करण्यात आला. त्यांतील बहुतेक मुले समाजात परतू शकली. त्यानंतर बालकल्याण आणि बालन्याय खात्यांनी निवासी केंद्रांवर होणारा पैसा दरमहा प्रतिमूल ठरावीक रकमेच्या स्वरूपात एकाच निधीत आणला. त्यात सरकारी वैद्यकीय साहाय्याची भर पडली. एका सेवा-समन्वयकाकडे सुमारे आठच कुटुंबे. निवासी केंद्रांतील मुलांची दैनिक सरासरी कालांतराने शंभराच्या खाली आली. येथे खाती एकमेकांशी अधिक सौजन्याने बोलू लागली म्हणून बदल झाला नाही. वाचलेला पैसा त्याच निधीत राहिल्याने सेवा वाढवता आल्या. मात्र मूल घरी राहिले म्हणजे ते बरे झाले असे नव्हे, ही बिकमन यांची शंका मिलवॉकीलाही लागू पडते. समर्थक हे सहसा सांगत नाहीत.

शाश्वतीचा दुसरा मार्ग न्यायालयातून गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये २००१ साली दाखल झालेल्या ‘रोझी डी.’ खटल्यात २००६ मध्ये निकाल लागला आणि सरकारी वैद्यकीय साहाय्यास पात्र मुलांना घरपोच मानसोपचार सेवा देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. अनुदान संपते, हक्क संपत नाही. दोन मार्गांतील हा फरक निर्णायक आहे. अर्थात हक्क मिळाला तो पात्र ठरलेल्यांनाच. २००३ च्या अहवालातील मध्यमवर्गीय पालकांचा प्रश्न त्याने पूर्णतः सुटत नाही.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा धडा येथे परका नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. (सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) अशा मुलाचा संबंध शाळेद्वारे शिक्षण खात्याशी, बालकल्याण समितीद्वारे महिला व बालविकास खात्याशी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे आरोग्य खात्याशी येतो. प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे. जिल्हा पथकात समाजकार्यकर्त्याचे पद असते, पण ते संपूर्ण जिल्ह्यासाठी आणि सर्व वयोगटांसाठी. मिलवॉकीतील आठ कुटुंबांच्या समन्वयकाचे वेतन येथे कोणत्या लेखाशीर्षातून निघेल, हे आजवरच्या कोणत्याही कार्यक्रमाने ठरवलेले नाही.