तारखेआड गेलेली तिथी

अलीकडच्या ऐतिहासिक ग्रंथांत पत्राच्या माथ्यावर फक्त इसवी तारीख छापण्याची पद्धत रूढ होत आहे. मूळ तिथी गाळली जाते. वाचकाची सोय म्हणून हे केले जाते, पण त्यामुळे संपादकाचे गणित तपासण्याची वाटच बंद होते.

पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवारी झाली. शकात ७८ मिळवायचे हे शाळेतले सूत्र लावले तर १७६० येते. परंतु शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि इसवी सन मध्येच, पौषाच्या आसपास. १ जानेवारी उलटली असेल तर ७९ मिळवायचे. म्हणून १४ जानेवारी १७६१. ही तारीख सर्वांना पाठ असल्याने इथे कोणी चुकत नाही. अनोळखी पत्राला असा राखणदार नसतो. मी स्वतः पौषातल्या एका पत्रात ७८ मिळवून ते वर्षभर आधीचे ठरवले आणि त्यावर दोन पाने अनुमाने लिहिली! मूळ तिथी आणि वार समोर होता म्हणून जंत्री उघडल्यावर चूक सापडली.

पेशवाईतल्या पत्रांत शुहूर सनही येतो, तोही अंकांत नव्हे, अरबी शब्दांत: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. शक आणि शुहूर दोन्ही छापले तर एक दुसऱ्याची साक्ष काढतो.

शिवकालात घोटाळा आणखी वाढतो. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन तेव्हा रायगडावर होता. इंग्रज जुने ज्यूलियन कॅलेंडर पाळत, त्याप्रमाणे तो दिवस ६ जून १६७४. गोव्यातले पोर्तुगीज मात्र ग्रेगोरियन पाळत; त्यांच्या लेखी तोच दिवस १६ जून. समजा, गोव्यातला १० जूनचा एखादा कागद हाती आला. तो राज्याभिषेकानंतरचा वाटेल, प्रत्यक्षात असेल सहा दिवस आधीचा. एवढ्या अंतरात आमंत्रणाचे अभिनंदन होऊन बसते.

यावर उपाय खर्चिक नाही. आधी मूळ तिथी, वार आणि सन जसेच्या तसे, मग कंसात इसवी तारीख, आणि १७५२ पूर्वीचा इंग्रजी कागद असेल तर 'जुनी पद्धत' एवढे दोन शब्द. एका प्रकाशकाला हे सुचवले तेव्हा पान गिचमिड दिसेल, असे उत्तर मिळाले.