वाऱ्याला थोडी वाट

ब्रिटनमधले वनसंशोधक ग्रॅहम टुली यांनी १९७९मध्ये ओकच्या कोवळ्या रोपांभोवती अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या उभ्या केल्या. तोवर रोप वाचवायचं तर त्याला जाळी गुंडाळायची, नाहीतर अख्ख्या लागवडीला कुंपण घालायचं, हेच चालत आलेलं होतं. टुलींच्या नळीनं सशाचे आणि हरणाचे दात अडवलेच, शिवाय रोपाभोवतीची हवाही बदलून टाकली. आत ऊब आणि दमटपणा टिकला, पानांतून पाणी कमी उडालं, आणि पहिली काही वर्षं जमिनीलगत घुटमळणारा ओक भराभर वर चढला. ब्रिटनमध्ये या नळीला अजूनही टुलींच्या नावानं ओळखतात.

या नळीवर आणि तिच्याभोवती साठत गेलेल्या शास्त्रीय सल्ल्यावर माझा फार जीव आहे. चांगल्या गद्यात शब्द उगाच आलेला नसतो. या नळीतही उगाच असं काही नाही. वरपासून खाली ती वाचत जावी. वरची कड बाहेर वळवलेली असते. शेंडा नळीबाहेर आला की वाऱ्यानं खोड हलू लागतं आणि कडेवर घासतं. कड धारदार असेल तर नेमकी त्याच जागी साल कापली जाते. आधाराची काठी नळीच्या तोंडापेक्षा ठेंगणी हवी, हा नियमही त्याच सालीसाठी. उंची तर जनावरांवरूनच ठरते. सशासाठी ६० सेंटिमीटर, छोट्या रो हरणासाठी १.२ मीटर, मोठ्या लाल हरणासाठी त्याहून बरीच जास्त. आपल्या रानात येतं कोण, हे ठाऊक नसलेल्या माणसाला ही नळी विकतसुद्धा घेता येत नाही. सल्ल्याची सुरुवात अशी रानातल्या पायखुणांपासून होते, हे मला फार आवडतं.

नळीचं बूड मातीत थोडं दाबून बसवायचं असतं. फट राहिली तर गार वारा खालून शिरतो आणि उंदराच्या जातीचा व्होल आत येऊन साल कुरतडतो. आणि बुडाभोवती सुमारे एक मीटर व्यासाचं आळं तणमुक्त ठेवायचं. ब्रिटनच्या वनखात्यानं, म्हणजे फॉरेस्ट्री कमिशननं, १९९१मध्ये एम. जे. पॉटर यांची या विषयावरची हस्तपुस्तिका काढली, त्याच्या आधीपासून आणि नंतरही वनखात्याची माणसं हे कानीकपाळी ओरडून सांगत आली आहेत. नळी लावली म्हणजे काम झालं, असं वाटून लोक घरी जातात. आत रुजलेल्या गवतालाही नळी तितक्याच मायेनं सांभाळते, आणि रोपाच्या तोंडचं पाणी ते गवत पितं.

इथवरचा सल्ला कुणीही अनुभवी माळी देऊ शकला असता. पुढचा भाग खास शास्त्राचा. नळीतलं झाड उंच होतं, पण त्याचं खोड बारीक राहतं. याचं मूळ फार जुन्या प्रयोगात सापडतं. टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्लिश बागायततज्ज्ञानं १८०३मध्ये सफरचंदाची काही रोपं अशी बांधली, की ती वाऱ्यानं फक्त उत्तर-दक्षिण डोलावीत. खोडं त्याच दिशेनं अधिक जाड झाली. वाऱ्याचा प्रत्येक हेलकावा खोडाला लाकूड घालायला लावतो. नळी हा हेलकावाच काढून घेते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बर्गर, स्विह्रा आणि हॅरिस यांनी कुंड्यांतल्या झाडांवर नळ्या लावून पाहिल्या, तेव्हाही उंची वाढली आणि जाडी मागे पडली.

म्हणून सल्ल्यातलं सर्वांत शहाणं वाक्य मला हे वाटतं: शेंडा बाहेर आला म्हणून नळी काढू नका. डोकं वाऱ्यात आणि पाय आडोशात असताना खोड हळूहळू बळ धरतं. ते स्वतःच्या भारावर उभं राहीपर्यंत निदान पाच वर्षं टिकावी आणि मग उन्हानं ठिसूळ होऊन फाटावी, अशाच हिशेबानं नळी बनवलेली असते. आपलं काम संपण्याची वेळ ज्या वस्तूच्या घडणीतच धरलेली आहे, अशा वस्तू फार थोड्या.

फ्रान्समधल्या माँपेलिएच्या दुप्राझ आणि बेर्जे या संशोधकांनी १९९०च्या दशकात चेरीच्या रोपांवर केलेलं काम मला या साऱ्या कथेतलं सर्वांत देखणं वळण वाटतं. बंद नळीत भर दिवसा पानं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि बाहेरून पुरेसा येत नाही. आत ऊब आहे, ओल आहे, आणि रोप उपाशी आहे! त्यांनी खाली भोकं पाडून तापलेली हवा धुराड्यासारखी वर जाऊ दिली. आधीचा सल्ला बूड घट्ट लावायला सांगत होता, नवा हवेला वाट द्यायला सांगतो, आणि दोन्ही बरोबर आहेत. व्होलला अडवायला बूड मातीत, आणि वाऱ्यासाठी भोकं त्याच्या वर. ओकला आवडलेली कोंदट ऊब सगळ्यांनाच मानवते असं नाही, ही कबुली त्या भोकांत आहे.

द्राक्षवेलींचा हिशेब वेगळा. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत पूर्वी दुधाच्या मेणकागदी खोक्यांत वेल लावत, सशापासून आणि फवारलेल्या तणनाशकापासून जपायला. मग नळ्या आल्या. आतली फूट सरळ वर धावते, पेरं लांबतात, मांडवाची पहिली तार लवकर गाठली जाते, आणि बांधणीची मजुरी वाचते. वेलीचं एकूण वजन मात्र त्या मानानं वाढत नाही. थंड मुलुखात तर हिवाळ्याच्या बऱ्याच आधी नळी काढायला सांगतात, कारण उबेत राहिलेली काडी पक्व होत नाही आणि पहिल्याच कडाक्यात जळते. नाशिककडच्या बागायतदाराला काडी पिकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

राहता राहिलं प्लास्टिक. ते ठिसूळ होतं, पण कुजत नाही. तुकडे मातीतच राहतात. २०२१मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या लागवडीचा पर्यावरणीय हिशेब मांडला. नळ्या न लावता काही रोपं मरू देणं आणि त्यांच्या जागी नवी लावणं, हे अनेकदा कमी घातक ठरतं, असा त्याचा निष्कर्ष. त्याच वर्षी वुडलँड ट्रस्ट या ब्रिटनमधल्या वनसंवर्धन संस्थेनं आपल्या जमिनींवर नव्या प्लास्टिक नळ्या न वापरण्याचं ठरवलं. मला हा नळीचा पराभव वाटत नाही. हरणं दाट आहेत आणि रोपं मोजकी आहेत, तिथे मी आजही ती लावीन. मात्र लागवडीच्या अंदाजपत्रकात नळ्या गोळा करून आणण्याची मजुरी पहिल्याच दिवशी धरलेली असली पाहिजे.