उपदेशाच्या आधी ऐकणे

‘तंबाखू वाईट, हे तुला माहीत नाही का?’ असे आपण वर्गात अनेकदा विचारतो. मुलगा मान खाली घालून ‘माहीत आहे, सर’ म्हणतो आणि पुडी खिशातून दप्तरात जाते. म्हणजे माहिती कमी पडली नव्हती. मग काय कमी पडले?

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांचे ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ हे पुस्तक याच प्रश्नाला भिडते. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, चौथी २०२३ ची. ही पद्धत जन्मली दारूच्या व्यसनावरील उपचारांतून. १९८२ मध्ये मिलर नॉर्वेत असताना तेथील तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना ‘तुम्ही नेमका हाच प्रश्न का विचारलात?’ असे विचारत राहिले. त्यातून १९८३ चा त्यांचा पहिला लेख तयार झाला.

पुस्तकाचा गाभा साधा आहे. व्यसन सोडावे आणि सोडू नये, या दोन्ही बाजू माणसाच्या मनात एकाच वेळी असतात. आपण पहिली बाजू मांडली की तो दुसरी लढवतो आणि स्वतःचेच बोलणे ऐकून तीवर ठाम होतो. म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून यायला हवीत. समजा, तंबाखू सोडणे किती महत्त्वाचे वाटते, याला मुलाने दहापैकी चार गुण दिले. आपण पटकन विचारू, ‘चारच का?’ उत्तरादाखल न सोडण्याची कारणे मिळतील. पुस्तक सांगते, ‘शून्य का नाही, चार का?’ असे विचारा. आता तो सोडण्याची कारणे शोधू लागतो. पुस्तकाचे खरे बळ अशा बारकाव्यांत आहे.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ या प्रयोगात १,७२६ मद्यपी रुग्ण होते. या पद्धतीवर आधारलेल्या उपचाराच्या चार बैठका इतर दोन उपचारांच्या बारा बैठकांच्या जवळपास तोडीस तोड ठरल्या, असे १९९७ मध्ये दिसले. मात्र उपचार न मिळालेला गट तुलनेला नव्हता; त्यामुळे सुधारणेचे किती श्रेय बैठकांना द्यायचे, हे त्यावरून ठरत नाही. तरुणांच्या मद्यपानाविषयीच्या ८४ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१६ मध्ये आला. त्यात परिणाम फारच थोडा आढळला. तेव्हा ही जादूची कांडी नव्हे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ही पद्धत समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे, असे गृहीत धरते. लेखकही फसवून वळवण्यापासून सावध करतात. पण शिक्षकाच्या हाती गुण असतात, पालकांना बोलावणे असते. अशा वेळी मुलगा चार न म्हणता ‘दहा, सर’ म्हणेल आणि आपण खूष होऊ! समुपदेशकाच्या खोलीतली युक्ती वर्गात आणताना हा सत्तेचा फरक विसरून चालणार नाही. शिवाय शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ती टपरी हटवणे हे मुलाच्या मनोबलाचे काम नव्हे, ते मोठ्यांचे आहे.

तरीही शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे. निदान एक सवय उचलावी: प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसण्याची. बदलायचे आहे ते केवळ मुलांनीच, असे थोडेच आहे?