बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका : रंगमंच, ध्वनिमुद्रिका आणि बोलपट

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांविषयी मराठीत झालेल्या लेखनाचा बराचसा भाग स्मरणरंजनाचा आहे. लिंगभावाच्या अभ्यासाने अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर घातली : बालगंधर्वांची गणना पारलिंगी कलावंतांच्या परंपरेत करावी काय? प्रश्न टाळण्याजोगा नाही. तथापि त्याचे उत्तर चरित्रातील खाजगी तपशिलांत धुंडाळण्यापेक्षा, ज्या तीन माध्यमांतून हा कलावंत रसिकांपुढे आला त्यांच्या तुलनेत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

१९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. ‘मानापमाना’तील भामिनी (१९११), ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’तील सिंधू (१९१९) या त्यांच्या कीर्तीच्या भूमिका होत. भास्करबुवा बखले यांच्या तालमीत घडलेल्या या गायकाने स्त्रीपात्रासाठी स्त्रीचा कृत्रिम कंठ काढला नाही, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. कंठ पुरुषाचाच राहिला. स्त्रीत्व प्रकट झाले ते शब्दांच्या लडिवाळ उच्चारातून, लयीशी खेळत हळुवार टाकलेल्या स्वरांतून आणि पदातील भावाच्या संयमित उकलीतून. प्रेक्षकाला समोर पुरुष आहे हे ठाऊक असे आणि ते ठाऊक असूनच तो त्याला रुक्मिणी मानी. नट व प्रेक्षक यांच्यामधील हा अलिखित करार म्हणजेच या कलेचा पाया होय. मध्यमवर्गीय स्त्रियांनी त्यांच्या पेहरावाचे अनुकरण केले, यावरून त्या कराराची व्याप्ती ध्यानात येते.

ध्वनिमुद्रिकेने वेष, अलंकार आणि मखमली पडदा हे सारे दूर सारले व केवळ आवाज शिल्लक ठेवला. नाटक मंडळीचा मुक्काम मोठ्या शहरी पडे. ध्वनिमुद्रिका मात्र बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्यासारख्या लोहमार्गावरील गावीही पोहोचू शकत होती. अशा श्रोत्यापुढे सिंधूचे पद येई ते सिंधूच्या दर्शनावाचून. तरीही पदातील स्त्री हरवत नाही. ज्या पिढ्यांनी त्यांना रंगमंचावर कधीच पाहिले नाही, त्यांनाही ती त्या मुद्रिकांतून भेटते. यावरून असे म्हणता येते की, बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाचे अधिष्ठान देहात नसून गायकीत होते.

बोलपटाने हीच गोष्ट उलट बाजूने सिद्ध केली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतरा’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि जुन्या कराराला तडा गेला. कर्जाने ग्रासलेले बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीशी भागीदारी करून चित्रपटनिर्मितीकडे वळले. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’त (१९३५) त्यांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. ज्या स्त्रीरूपावर प्रेक्षकांचे प्रेम जडले होते, तेच येथे नव्हते. ‘अमृतसिद्धी’ नाटकावर आधारलेल्या ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) ते स्त्रीवेषात पडद्यावर आले, पण तेथेही यश लाभले नाही. पहिल्या अपयशाचे कारण स्त्रीरूपाचा अभाव मानावे, तर दुसऱ्याचा उलगडा होत नाही. दोहोंचे कारण कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. रंगमंच प्रेक्षकाकडे कल्पनेचे सहकार्य मागतो. कॅमेरा चेहरा जवळ आणून वय व देह यांची साक्ष देतो आणि कल्पनेला वाव ठेवीत नाही.

येथे एका विसंगतीचा विचार अपरिहार्य ठरतो. संगीत रंगभूमीवरील स्त्रीवेषाला समाजाने मानपत्रे दिली. विदर्भातील खडी गंमत वा अन्यत्र तमाशा यांत स्त्रीवेषाने नाचणारा पुरुष मात्र ‘नाच्या’ म्हणून हेटाळला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर, उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत, ‘षंढ’ म्हणून नोंदलेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी वावरणे अथवा गाणे-नाचणे हा शिक्षापात्र अपराध ठरविला होता. रवी जाधव यांच्या दोन चित्रपटांत या भेदाची दोन्ही टोके दिसतात : आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’मधील (२०१०) गुणा नाच्या झाल्यामुळे विटंबनेचा धनी होतो, तर ‘बालगंधर्व’मधील (२०११) नायक विपन्नावस्थेतही पूज्यच राहतो. हा भेद केवळ कलागुणांचा म्हणता येणार नाही. तो जातीचा, वर्गाचा आणि रंगमंदिराच्या प्रतिष्ठेचा आहे.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर दुहेरी द्यावे लागते. बालगंधर्वांनी स्वतःची ओळख पुरुष म्हणूनच ठेवली; त्यांच्यावर आजची संज्ञा लादणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु त्यांच्या लोकप्रियतेचा दाखला देऊन मराठी समाज या बाबतीत पूर्वापार उदार होता असे म्हणणे, ही त्याहून मोठी चूक होय. समाजाने स्वीकारले ते पडदा पडेपर्यंतचे स्त्रीत्व. पडदा पडल्यावरही जे स्वतःला स्त्री मानतात, त्यांना स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २०१४ मध्ये, म्हणजे बालगंधर्वांच्या निधनानंतर ४७ वर्षांनी. बालगंधर्वांची गायकी स्त्रीत्व हे देहापलीकडेही साकार होऊ शकते याचा पुरावा देते. तो पुरावा ऐकूनही रसिकाने त्याचा अर्थ रंगमंदिराबाहेर नेला नाही, हे मराठी नाट्यसमीक्षेने स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.